खाणीतला अजस्र डंपर : आकार इंजिन ठरवते की टायर?

कृष्णाघाट (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात साताऱ्याच्या एमआयडीसीत टिपरचे हौदे बांधणाऱ्या एका मित्राच्या शेडमध्ये बसलो होतो. त्याच्या मुलाने मोबाईलवर खाणीतल्या एका अजस्र डंपरचे छायाचित्र दाखवले आणि विचारले, "काका, आपण हौदा बांधतो तो दहाचाकी टिपरच मोठा केला की हा होतो ना?" माझ्या नोकरीची बरीच वर्षे कोळशाच्या उघड्या खाणींत डंपरच्या देखभालीत गेल्यामुळे 'नाही' हे उत्तर तोंडातून लगेच गेले, का नाही, हे मात्र चहा संपेपर्यंत मला नीट सांगता आले नाही. ते येथे सवडीने मांडतो.

रस्त्यावरच्या टिपरचा आकार कायदा ठरवतो. २०१८ च्या सुधारित मर्यादेनुसार चार टायरांच्या एका अ‍ॅक्सलवर ११.५ टन आणि मागच्या जोडअ‍ॅक्सलवर २१ टन एवढेच वजन चालते, आणि चेसिस, पाटे, इंजिन, हौदा या सगळ्यांची मापे त्या आकड्यांपासून मागे मोजत यावी लागतात. खाणीत आरटीओ नाही आणि पूलही नाहीत, म्हणून तेथे मर्यादाच नाही असे बाहेरच्या माणसाला वाटते. प्रत्यक्षात तेथेही एक मर्यादा आहे आणि ती कायद्यापेक्षा कडक आहे, कारण तिच्याशी तडजोड होत नाही. ती मर्यादा म्हणजे टायर.

अमेरिकेच्या कॅटरपिलर कंपनीचा ७९७एफ हा डंपर घ्या. तो ३६३ टन माल वाहतो आणि भरल्यावर त्याचे एकूण वजन सुमारे ६२४ टन होते. पुढे दोन आणि मागे चार, असे त्याला सहा टायर आहेत. ६२४ ला सहाने भागले की प्रत्येक टायरवर १०४ टन येतात. भरलेल्या डंपरचे एक तृतीयांश वजन पुढच्या आणि दोन तृतीयांश मागच्या अ‍ॅक्सलवर पडावे असा जो दंडक या यंत्रांत सर्वत्र दिसतो, तो कोणाच्या आवडीचा प्रश्न नाही; सहाही टायरांनी सारखे ओझे उचलावे, एवढाच त्याचा अर्थ आहे. डिझायनर हौद्याचा उतार, हौदा उचलणाऱ्या होइस्टच्या सिलिंडरची जागा आणि केबिनचे ठिकाण हलवत बसतो ते या एका भागाकारासाठी.

आता बेलारूसमधल्या झोदिनो येथे बनलेला बेलाझ ७५७१० पाहा. २०१३ साली आलेला हा डंपर ४५० टन वाहतो आणि भरल्यावर ८१० टनांचा होतो. जगातला सर्वांत मोठा म्हणून त्याची छायाचित्रे फिरत असतात. पण त्याला टायर आठ आहेत. ८१० भागिले ८ म्हणजे प्रत्येकी १०१ टन. दोन देश, दोन कंपन्या आणि दोन अगदी वेगळे आराखडे असूनही टायरमागचे ओझे शंभर टनांच्या आसपासच थांबते, कारण दोघेही त्याच मापाचा, ६३ इंची रिमचा, सुमारे चार मीटर उंचीचा टायर वापरतात. ७९७ हे मॉडेल १९९८ मध्ये जाहीर झाले ते या मापाचा रेडियल टायर मिशेलिनने त्याच सुमारास तयार केला म्हणून. त्यानंतर पाव शतक उलटून गेले, तरी सहा टायरांचा डंपर ३६३ टनांच्या फारसा पुढे गेलेला नाही.

जाणकारांनी आपली भर घालावी आणि चुका दाखवाव्यात.

खडीवाला_खटाव

धागा आवडला, पण एक शंका आहे. माझ्याकडे क्रशरवर तीन टिपर आहेत (लोक सरसकट हायवा म्हणतात ते) आणि टायरचा खर्च मला डिझेलइतकाच बोचतो. आमच्याकडे टायर जातो तो दगडाच्या धारेने कापला गेल्यामुळे किंवा ड्रायव्हरने दोन बकेट जास्त भरल्यामुळे. तुम्ही म्हणता ती मर्यादा केवळ वजनाचीच आहे का? टायरमध्ये हवा जास्त भरून ओझे वाढवता येत नाही का? उसाच्या जोडट्रॉल्यांना आमच्या भागात लोक तेच करतात.

कृष्णाघाट

हवेपासूनच सुरुवात करतो, कारण उत्तर तेथेच आहे. आपल्या दहाचाकी टिपरच्या मागच्या आठ टायरांवर २१ टन, म्हणजे प्रत्येकी अडीच टनांहून थोडे जास्त वजन येते आणि हवा असते साधारण ८ किलो प्रति चौरस सेंटीमीटर. १०४ टन उचलणाऱ्या खाणटायरमध्येही हवेचा दाब त्याच पट्टीत, ७ किलोच्या आसपास असतो. ओझे चाळीसपट आणि दाब मात्र तोच, याचा अर्थ टायरचा जमिनीला टेकणारा भाग तेवढ्याच पटीने मोठा हवा. १०४ टनांना ७ ने भागले की सुमारे दीड चौरस मीटर येतात. एका टायरखाली एक सतरंजी मावेल एवढी ही जागा झाली. मित्राच्या मुलाचा प्रश्नही येथेच सुटतो. यंत्राची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली तर वजन आठपट होते, टायरचा टेकणारा भाग मात्र चारपटच होतो. प्रमाणात मोठे करत गेलात तर टायर नेहमीच मागे पडणार.

हवा वाढवली तर टायर टणक होतो, दगडाला वाकून घेत नाही आणि कापला जातो. शिवाय रस्ताही तेवढा दाब सोसत नाही. पण खाणटायरचा खरा शत्रू दगड नसून उष्णता आहे. प्रत्येक फेऱ्यात टायरची भिंत दबते आणि सुटते, त्यात उष्णता निर्माण होते. रबर उष्णतेचे वाईट वाहक असल्याने जाड टायरच्या पोटातली उष्णता बाहेर पडतच नाही. म्हणून या टायरांना टन-किलोमीटर-प्रतितास असे एक मानांकन असते, जे टायरवरचे सरासरी ओझे आणि पूर्ण पाळीतला सरासरी वेग यांच्या गुणाकाराशी ताडून पाहावे लागते.

याचा एक अनुभव सांगतो. मी ज्या खाणीत होतो तेथे एका मे महिन्यात माती टाकण्याची जागा दूर गेली. रस्ता नवा, सपाट आणि सुरेख होता, त्यामुळे ड्रायव्हर मंडळी खूश होती आणि वेग वाढला होता. ओझे रोजच्याएवढेच, एकाही टायरला दगड लागलेला नाही, आणि तरी एका आठवड्यात दोन टायरांचे थर आतून सुटले. वरिष्ठांनी आधी टायरच्या दर्जावर संशय घेतला. आम्ही सरासरी वेग काढून गुणाकार मांडला तेव्हा तो मानांकनाच्या बराच वर निघाला. मोठ्यातल्या मोठ्या मापाच्या एका टायरची किंमत सांगलीतल्या एखाद्या फ्लॅटच्या घरात जाते हे लक्षात घेतले, तर रस्ता चांगला झाल्यावर वेगमर्यादेची पाटी का लावावी लागली ते कळेल.

जास्तीच्या दोन बकेटांबाबत खाणीतला सर्वमान्य दंडक असा आहे की ठरलेल्या भाराच्या ११० टक्क्यांवर जाणाऱ्या खेपा एकूण खेपांच्या दहा टक्क्यांहून जास्त नसाव्यात आणि १२० टक्क्यांवर एकही खेप जाऊ नये. ब्रेक आणि स्टिअरिंग त्या १२० टक्क्यांपर्यंतच तपासलेले असतात. वजनकाटा लागत नाही. सस्पेन्शनच्या सिलिंडरमधला दाब मोजून डंपर स्वतःच आपला भार सांगतो.

अभियंता_होऊ_घातलेला

मी सांगलीत मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षात आहे. कृष्णाघाट काका, मर्यादा प्रत्येक टायरमागे असेल तर टायरांची संख्या वाढवणे हा सरळ उपाय आहे. बेलाझने आठ लावले, मग दहा किंवा बारा का लावत नाहीत? रस्त्यावरच्या मोठ्या ट्रेलरला तर पंधरा-वीस अ‍ॅक्सल असलेले मी पाहिले आहेत.

कृष्णाघाट

हा उपाय पन्नास वर्षांपूर्वी करून झाला आहे. १९७४ च्या सुमारास जनरल मोटर्सच्या कॅनडातल्या डिझेल विभागाने टेरेक्स टायटन ३३-१९ नावाचा डंपर बांधला. तो सुमारे ३१८ टन वाहत असे, त्याला रेल्वेच्या इंजिनात बसते ते सोळा सिलिंडरांचे ३३०० अश्वशक्तीचे इंजिन होते, आणि टायर होते दहा. भरल्यावर त्याचे वजन सुमारे ५४९ टन होई, म्हणजे प्रत्येक टायरवर ५५ टन. त्या काळचा टायर तेवढेच उचलू शकत होता. म्हणून मागे दोन अ‍ॅक्सल द्यावे लागले, आणि दोन अ‍ॅक्सल दिले की खाणीच्या तीव्र वळणांवर टायर आडवे घासतात, म्हणून मागची चाकेही वळणारी करावी लागली. तो एकच नग बनला. कॅलिफोर्नियाच्या लोखंडाच्या खाणीत आणि नंतर ब्रिटिश कोलंबियाच्या कोळसा खाणीत त्याने काम केले, आणि आता तो स्पारवूड गावात रस्त्याकडेला प्रदर्शनासाठी उभा आहे.

तुम्ही पाहिलेले ट्रेलर तासाला पाच-दहा किलोमीटरने एकदाच जातात. डंपरला दिवसाचे वीस तास, भरून आणि रिकामे, पुढे आणि मागे, पन्नास-साठ मीटरच्या जागेत वळून शॉवेलखाली, म्हणजे माल भरणाऱ्या यंत्राखाली, लागायचे असते. प्रत्येक जास्तीच्या अ‍ॅक्सलबरोबर घासणारे टायर, ब्रेक, बेअरिंगे आणि यंत्राचे स्वतःचे वजन वाढते. म्हणून दोन अ‍ॅक्सल आणि सहा टायर हा घाट गेली साठ-सत्तर वर्षे टिकून आहे. तो राल्फ क्रेस यांनी १९५० च्या दशकात लटूर्नो-वेस्टिंगहाउससाठी केलेल्या हॉलपॅकमध्ये पक्का झाला. आखूड चेसिस, हवा आणि तेलावरचे सस्पेन्शन, माल खाली आणि पुढे ठेवणारा तिरका हौदा या सगळ्या गोष्टी त्यात होत्या. आपल्याकडे जुने खाणकामगार आजही कोणत्याही कंपनीच्या मोठ्या डंपरला 'हालपॅक' म्हणतात ते त्यामुळे.

कुपवाड_ओतकाम

मी कुपवाडला पोलाद ओतण्याच्या धंद्यात आहे, डंपरशी थेट संबंध नाही; पण एक गोष्ट माझ्या क्षेत्रातली आहे म्हणून लिहितो. या यंत्रांची चेसिस पेटीसारख्या पोकळ तुळयांची असते आणि जेथे तुळया एकमेकींना भेटतात, जेथे मागचा अ‍ॅक्सल, सस्पेन्शन किंवा होइस्ट अडकतो, तेथे पट्ट्यांचा जोड न करता पोलादाचे ओतीव तुकडे बसवतात. कारण डंपरची चेसिस वजनाने मोडत नाही, ती पिळून मोडते. पुढचे उजवे चाक उंचवट्यावर आणि मागचे डावे उंचवट्यावर असे झाले की सगळी चेसिस ओल्या धुण्यासारखी पिळली जाते, आणि हे दिवसातून शेकडो वेळा होते. कोपऱ्यात वेल्डिंगचा टाका असेल तर तडा तेथूनच सुरू होणार. ओतीव तुकड्यात कोपरा गोलाईने उतरवता येतो, जाडी हवी तेथे वाढवता येते, आणि वेल्डिंगचा टाका ताण कमी असलेल्या सपाट भागात सरकवता येतो.

आमच्याकडे मागे एका ग्राहकाने अशाच धर्तीचा, अर्थात फार लहान, ब्रॅकेट ओतून मागितला होता. रेखाचित्रात गोलाई स्पष्ट दिली होती. पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) करणाऱ्याने ती 'एवढ्याने काय होतंय' म्हणून निम्मी केली. तपासणीत मोजमापे उत्तीर्ण झाली, कारण गोलाई मोजायची कोणाला सुचलीच नाही, आणि सहा महिन्यांत तडे गेलेले नग परत आले.

उरमोडी

कृष्णाघाट यांचा टायरचा मुद्दा मान्य केला तरी शीर्षकातल्या इंजिनाला तुम्ही फार लवकर बाद केले आहे असे वाटते. मी आयुष्यभर विजेच्या मोटारींत काम केले. १०४ टन उचलणारा टायर उद्या १५० टन उचलू लागला, तर ते चाक फिरवायचे कसे? माझ्या माहितीप्रमाणे मोठे डंपर रेल्वेच्या डिझेल इंजिनासारखे, म्हणजे डिझेलवर जनित्र आणि चाकात मोटार, अशा पद्धतीचे असतात. आपली बीईएमएल ही सरकारी कंपनी म्हैसूरला बनवते तो २०५ टनांचा डंपरही विजेवर चालणाराच आहे. एवढ्या ताकदीला गिअरबॉक्स पुरत नाही म्हणूनच ना?

तासगाव_ते_पिलबरा

मी मूळचा तासगावचा, सध्या पश्चिम ऑस्ट्रेलियात लोहखनिजाच्या खाणीत डंपर विभागात आहे. उरमोडी साहेब, गिअरबॉक्स पुरत नाही असे म्हणता येणार नाही, कारण वर उल्लेख आलेला ७९७एफ हा ४००० अश्वशक्तीचा डंपर टॉर्क कन्व्हर्टर, सात गिअर आणि मागच्या डिफरन्शिअलवरच चालतो. घडण रस्त्यावरच्या टिपरच्याच वंशातली. कोमात्सू, लिभेर आणि बेलाझ या कंपन्यांचे मोठे डंपर विजेचे. दोन्ही घराणी शेजारी शेजारी नांदतात. चढावर यांत्रिक डंपरमध्ये वाटेत हरवणारी शक्ती कमी. विजेच्या डंपरमध्ये झिजणारे भाग कमी. आधी चाकातल्या मोटारी डीसी होत्या आणि त्यांना वीज पोहोचवणारे घासते भाग (ब्रश व कम्युटेटर) वेगाला मर्यादा घालत. १९९० च्या दशकाच्या मध्यास कोमात्सूचा ९३०ई एसी मोटारी घेऊन आला आणि तेव्हापासून विजेचे पारडे जड झाले.

मात्र विजेचा खरा फायदा चढावर नसून उतारावर आहे. खंबाटकीच्या बोगद्यातून पुण्याकडे उतरताना तापलेल्या ब्रेकचा वास ज्यांनी घेतला आहे त्यांना हे लगेच कळेल. ६२४ टनांचा डंपर ८ टक्के उतारावर ताशी ४० किलोमीटरने खाली येत असेल, तर रस्त्याचा अवरोध वजा जाता त्याला धरून ठेवायला सुमारे ४ मेगावॅट शक्ती लागते, म्हणजे त्याच्या स्वतःच्या इंजिनाहून जास्त. विजेच्या डंपरमध्ये त्या वेळी मोटारीच जनित्रे होतात आणि तयार झालेली वीज केबिनशेजारच्या रोधकांच्या (वीज गेली की तापणाऱ्या पट्ट्यांच्या) पेटीत, पंख्याने वारा घालत, जाळून टाकली जाते. यांत्रिक डंपरमध्ये हेच काम तेलात बुडवलेल्या ब्रेकच्या चकत्या करतात आणि ते तेल थंड ठेवावे लागते. दोन्हीकडे साधा ब्रेक हा शेवटचा उपाय असतो, रोजचा नव्हे.

कृष्णाघाट

सुंदर. इंजिनाला मी बाद केले नाही, त्याला दुसऱ्या खुर्चीवर बसवले, आणि का ते आकड्यांत दाखवतो. ७९७एफच्या ४००० अश्वशक्तीपैकी, म्हणजे २९८३ किलोवॅटपैकी, २५०० चाकापर्यंत पोहोचतात असे धरू. चढ ८ टक्के आणि रस्त्याचा अवरोध २ टक्के, एकूण १० टक्के, म्हणजे ६२.४ टनांचा ओढा आणि वेग येतो ताशी १५ किलोमीटर. पावसाने रस्ता मऊ होऊन अवरोध ४ टक्के झाला की वेग १२ वर उतरतो. इंजिन कमी पडले तर डंपर हळू जातो. टायर कमी पडला तर डंपर जातच नाही. आणि हे १५ चे १२ होणे इंजिन बदलून नव्हे, रस्ता सपाट करणारा ग्रेडर फिरवून सुधारते.

तासगाव_ते_पिलबरा

रस्त्यावरून आठवले. आमच्याकडे डंपर चालकाविना चालतात. कोमात्सूची ही व्यवस्था २००८ मध्ये चिलीच्या गाब्रिएला मिस्त्राल तांब्याच्या खाणीत प्रत्यक्ष कामाला लागली आणि त्याच सुमारास आमच्या पिलबरा भागातही आली. माणूस चालवतो तेव्हा चाक रोज थोडे इकडे-तिकडे पडते; यंत्र मात्र दर खेपेला हातभराच्या आत त्याच रेषेवरून जाते, त्यामुळे रस्त्यावर बैलगाडीच्या चाकोऱ्यांसारखे चर पडू लागले. शेवटी डंपरने मुद्दाम थोडे बाजूला सरकून चालावे अशी सोय आज्ञावलीत करावी लागली. अचूकतेचाही त्रास होतो हे मला तोवर ठाऊक नव्हते.

उरमोडी

रोधकांत जाळून टाकली जाणारी वीज वाचून झोप उडाली. ती परत का घेत नाहीत?

आपल्या सह्याद्रीच्या पठारांवर बॉक्साइट वर असते आणि ते खाली आणावे लागते, म्हणजे डंपर उतरतो भरलेला आणि चढतो रिकामा. मी रात्री हिशोब मांडला. रिकामा ४५ टन आणि भरलेला १११ टन असा बॅटरीवरचा डंपर, १०० मीटर उंची, ८ टक्क्यांचा सव्वा किलोमीटर रस्ता, अवरोध २ टक्के. उतरताना अवरोध वजा जाता हाती येते ती ऊर्जा ८० टक्के कार्यक्षमतेने साठवली तर सुमारे १८ युनिट होतात. रिकामा वर न्यायला, ८५ टक्के कार्यक्षमता धरून, लागतात तेही सुमारे १८ युनिटच. हिशोब बरोबरीत सुटतो! माझे काही चुकले असेल तर सांगा.

तासगाव_ते_पिलबरा

चुकलेले नाही, आणि हे प्रत्यक्षात आहे. स्वित्झर्लंडमध्ये बील शहराजवळच्या सिमेंटच्या चुनखडीच्या खाणीत कोमात्सूचा एक डंपर बॅटरीवर बदलून घेतलेला आहे. तो वरून भरून खाली येतो. भाराचे आकडेही तुमच्या हिशोबाच्या जवळचेच आहेत आणि बॅटरी ६०० युनिटांच्या आसपासची. पण आमच्यासारख्या खाणी खोल खड्ड्याच्या, तेथे भरलेला डंपर वर चढतो आणि रिकामा उतरतो, म्हणून मिळकत नेहमी खर्चाहून कमी. त्यासाठी काही ठिकाणी रेल्वेसारख्या तारा टाकून चढावर वीज देतात. दक्षिण आफ्रिकेतल्या पालाबोरा खाणीत हे १९८० च्या दशकातच झाले होते. त्याच देशातल्या मोगालाक्वेना खाणीत २०२२ मध्ये हायड्रोजनच्या इंधनघटावर चालणारा २९० टनांचा डंपरही दाखवला गेला.

अभियंता_होऊ_घातलेला

६०० युनिटांच्या बॅटरीचे वजन साडेचार टनांच्या घरात जाते असे वाचले. म्हणजे तेवढे ओझे पुन्हा टायरवरच आले.

कृष्णाघाट

बरोबर पकडलेत. मोठ्या डंपरला काही टन म्हणजे किरकोळ, पण चढणाऱ्या खाणीसाठी पूर्ण पाळीची बॅटरी ठेवायची म्हटले तर ते वजन मालातून वजा करावे लागते. म्हणूनच तारांचा मार्ग पुन्हा चर्चेत आला आहे.

खडीवाला_खटाव

माझ्या उपयोगाचे एक विचारतो. पावसाळ्यात मुरमाचा चिखल हौद्यात चिकटतो आणि दर खेपेला अर्धा-पाऊण टन माल परत माझ्याच क्रशरवर येतो. मोठ्या डंपरना हे होत नाही का?

कृष्णाघाट

होते, आणि काळ्या मातीत फार होते. तेथे इंजिनाचा धूर हौद्याच्या तळातल्या पोकळ कप्प्यांतून फिरवून बाहेर सोडतात. तळ गरम राहिला की माती सुटते. शिवाय तळ आणि भिंत यांचा काटकोन ठेवत नाहीत, तो तिरका किंवा गोल करतात, कारण माती धरते ती कोपऱ्यात. तुमच्या टिपरला धुराची सोय करणे अवघड आहे, पण कोपऱ्यात तिरकी पट्टी बसवून घेता येईल. मित्राच्या शेडमध्ये तसा एक हौदा सध्या बांधायला घेतलाच आहे. पट्टीचा टाका कोपऱ्यात न घेता सपाटावर घ्यायला सांगितला आहे, कुपवाडकरांचे ऐकून.

कुपवाड_ओतकाम

पट्टीच्या मागे पोकळी राहील, तेथे पाणी साचून आतून गंज धरेल. खालच्या टोकाला निचऱ्याची दोन भोके ठेवायला सांगा.